पाय तिचा, सही तिची
(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत ‘आरोग्य’ एवढंच लिहिलंय. मी त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलणार आहे. बदललेल्या गुडघ्यात जंतू शिरले आणि डॉक्टर म्हणाले, “कदाचित पाय काढावा लागेल,” तर काय करायचं? ऐकायला नको वाटतं, मला कळतंय. पण आपल्या गटांत साठीच्या पुढच्या कितीतरी जणी आहेत. २०१७ साली केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. आता खेड्यापाड्यातल्या बायकाही हे ऑपरेशन करून घेतात. बहुतेकींचं चांगलं होतं, दुखणं जातं. १०० जणींमागे साधारण १ किंवा २ जणींना नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. म्हणून ऑपरेशनला घाबरायचं नाही, पण माहिती हवी.

हे होतं कसं, ते बघा. बसवलेला गुडघा धातूचा आणि प्लास्टिकचा असतो. त्यात रक्त फिरत नाही. रांजण बरेच दिवस घासला नाही की आतून बुळबुळीत थर धरतो ना? नुसतं पाणी ओतून तो निघत नाही. जंतू त्या धातूवर तसाच थर धरतात आणि औषध आत पोचत नाही. त्रास सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील, तर डॉक्टर सांधा उघडून धुतात, प्लास्टिकचा भाग बदलतात, आणि तोच गुडघा वाचू शकतो. थर जुना झाला की बहुतेक वेळा सगळा सांधाच काढावा लागतो. त्या जागी औषध मिसळलेलं सिमेंट भरतात, कित्येक आठवडे औषधं चालतात, मग पुन्हा ऑपरेशन करून नवा गुडघा बसवतात. तेही टिकलं नाही, तर पुढचा प्रश्न येतो.

आपल्याच एका गटातल्या मावशींवर ही वेळ आली आहे. त्यांना विचारूनच सांगतेय, नाव सांगत नाही. वय ६७. तीन वर्षांपूर्वी गुडघा बदलला, सुनेनं गटातून कर्ज काढलं होतं. गेल्या वर्षी पावसाळ्यात गोठ्यात ये-जा करून पायाला चिखल्या झाल्या, एक बोट पिकलं. महिन्याभरानं गुडघा सुजला, हाताला गरम लागायला लागला. मावशी दोन महिने बोलल्या नाहीत. का? “कर्जाचे हप्ते फिटायचेत अजून. परत कुठल्या तोंडानं सांगू?” गुपचूप लेप लावला, शेकलं. शेवटी भोक पडून पू वाहायला लागला तेव्हा घरात कळलं. सांधा काढला, दुसरा बसवला, पण जंतू परत आले.

बायांनो, मावशींचा पाय धोक्यात आला तो जंतूंनी, आणि गप्प राहण्यानं. आपल्यावर झालेला खर्च आपण गुन्ह्यासारखा डोक्यावर घेऊन फिरतो. कर्ज हप्त्यानं फिटतं, गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

म्हणून बदललेला गुडघा पुन्हा दुखायला लागला, सुजला, लाल किंवा गरम झाला, जखमेतून पाणी आलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जायचं. गावातल्या दुकानातून अँटिबायोटिक गोळ्या आणून खायच्या नाहीत. आधी सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं. गोळ्या आधीच पोटात गेल्या तर तपासणीत जंतू सापडत नाहीत. थंडी वाजून ताप आला, माणूस सुस्त पडलं, तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, सरळ मोठा दवाखाना. आणि साखर सांभाळायची. पायाच्या भेगा, चिखल्या, किडलेला दात, लघवीची जळजळ हे अंगावर काढायचं नाही. तिथले जंतू रक्तातून गुडघ्यापर्यंत पोचू शकतात.

आता पाय काढण्याबद्दल. मावशींच्या खाटेभोवती मुलगा बोलला, जावई बोलले, डॉक्टर बोलले. मावशी भिंतीकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, “पाय माझा हाय. मला इचारा की कुणीतरी!” त्या संध्याकाळी नातीनं वहीत आजीचे प्रश्न लिहून घेतले. तेच मी तुम्हाला देतेय.

पाय काढण्याशिवाय काय काय करता येईल? काहींचा गुडघा सरळ ठेवून हाडं कायमची जोडतात. पाय आपलाच राहतो, त्यावर चालता येतं, पण तो वाकत नाही. खाली बसणं नाही, एसटीच्या सीटवरही अडचण. काहींना कायम गोळ्यांवर ठेवतात. माझ्या तब्येतीला यातलं काय झेपेल? पाय काढला तर गुडघ्याच्या वर काढणार का? मला कृत्रिम पाय पेलेल का? उतारवयात गुडघ्यावरून काढलेल्या पायाला कृत्रिम पाय लावून चालणं फार दमवतं. बऱ्याच जणींना चाकाची खुर्चीच लागते. हे आधी कळलेलं बरं. आणि पाय नाही काढला तर जिवाला काय धोका?

जंतू रक्तात पसरले तर पाय काढून जीव वाचतो. तेव्हा तो निर्णय योग्यच असतो, त्यात लाज कसली? पण वेळ असेल तर दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या. संमतीपत्र वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नका. सही तिची, म्हणजे निर्णयही तिचा.

गटानं काय करायचं? तिच्या वतीनं ठरवायचं नाही. तिच्याबरोबर जायचं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, कोणता खर्च योजनेत बसतो ते त्यांना विचारायचं. पाय काढावा लागलाच तर दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज गटातल्याच कुणीतरी भरून द्यायचा. बाथरूमला धरायला दांडी, उंबऱ्याला उतार, यासाठी कर्ज मागितलं तर ‘हे उत्पन्नाचं काम नाही’ म्हणून परत पाठवू नका.

मावशींची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. काय ठरवायचं ते अजून ठरलेलं नाही. वही सोबत असेल, आणि गटातल्या दोघी.

तुम्ही एवढं करा. पुढच्या बैठकीत बचत गोळा करण्याआधी विचारा, “कुणाचा गुडघा बदललाय? आता कसा आहे?” आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिलं उत्तर ‘बरं आहे’ असंच येईल. तेव्हा पुन्हा एकदा विचारा.