जुन्या ट्रॅक्टराचें साल

दसरा उलटला कीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसाची वेचणी जोर धरते, आणि ट्रॉली ओढण्यासाठीं जुना ट्रॅक्टर घेण्याचीं बोलणीं निघतात. गांवीं पैसे धाडणारा शहरांतला भाऊ प्रथम विचारतो, ‘साल कोणतें?’

प्रश्न रास्त, पण अपुरा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. तेव्हांपासून त्यांच्या इंजिनांत डिझेलची फवारणी बहुधा इलेक्ट्रॉनिक झाली, आणि ती बिघडली तर गांवच्या मिस्त्रीचे हात थांबतात. मोठा ट्रॅक्टर त्यापूर्वींचा पाहावा. लहानांना ती सीमा नाहीं. तेथें सालाहून झीज महत्त्वाची. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतले’चें, १९२१ सालीं मँचेस्टरला बनलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढीत होतेंच कीं!

तासांचें मीटर बदलतां येतें. पेडलाचें गुळगुळीत रबर आणि ट्रॉली अडकविण्याच्या हुकाचें रुंदावलेलें भोक मात्र खरें सांगतें. भरलेली ट्रॉली जोडून चढ चढवावा. धूर काळा सुटला नाहीं, क्लच घसरला नाहीं, तरी परीक्षा अर्धीच झाली. ट्रॉलीस बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. पुसदकडील उतारावर मागचा भार रेटूं लागला म्हणजे ट्रॅक्टराचें वजन आणि त्याचे ब्रेक यांवरच चालकाचा जीव असतो. म्हणून सपाट मैदानांत दोन्ही ब्रेकपेडलें जोडून दाबावीं. ट्रॅक्टर एका अंगास ओढला, तर साल कितीही नवें असो, दुरुस्ती होईपर्यंत इसारही देऊं नये.