विद्यार्थ्यांस आंतरजालावरील साधने


मानववंशशास्त्र व शैक्षणिक मानसशास्त्र यांवरील ग्रंथ मिळत नाहीत, ही सबब आता उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘ई-पीजी पाठशाला’ या संकेतस्थळी मानववंशशास्त्राचे पदव्युत्तर पाठ विनामूल्य आहेत. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठात उभारलेल्या संग्रहात तर आल्फ्रेद बिने यांचा १९०५ सालचा बुद्धिमापनावरील निबंध इंग्रजी भाषांतरात आहे. तो अवश्य वाचावा. साहाय्याची गरज असलेली मुले ओळखावी, हा त्यांचा हेतु. पुढे अमेरिकेत त्याच मापाने वंशांची प्रतवारी लावण्यात आली! ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे मुद्दाम सांगतो. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. तेव्हा मंडळाने शिष्यवृत्तीबरोबरच सायंकाळी एक वाचनवर्ग चालवावा, अशी माझी विनंती आहे.