दुष्काळ, पाणी आणि डॉक्टर
(साह्यनिधीच्या सभेंतील भाषण)



दुष्काळ म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें रिकामी कणगी उभी राहते. परंतु तिच्याही आधीं विहीर रिकामी होते, हें आपण विसरतों. 1876–78 च्या महादुष्काळांत दख्खनमधील उपाशी माणसांवर पटकीनें घाला घातला. कारण उघड आहे. पाणी आटलें म्हणजे अनेक वस्त्यांचे घडे एकाच डबक्यांत बुडतात, हात धुण्यास पाणी उरत नाहीं, आणि भुकेनें खंगलेल्या मुलास साधा अतिसारही प्राणघातक होतो. अशा वेळीं केवळ दवाखान्यांत बसणारा डॉक्टर रोग्यास बरा करून पुन्हा त्याच पाण्याकडे पाठवितो.

आम्ही वकिलीच्या धंद्यांतील माणसें; पुराव्यावांचून निकाल देणें आम्हांस रुचत नाहीं. येथें पुरावा आपल्याच जिल्ह्यांतला आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं जामखेड येथें कार्य आरंभिलें. दोनच वर्षांनीं 1972 चा दुष्काळ आला. तेव्हां या डॉक्टरांनीं विंधनविहिरी घेवविल्या, व त्या दलितवस्तींत व्हाव्यात असा आग्रह धरिला. ज्यांस पाणवठ्यापासून दूर ठेविलें होतें, त्यांच्याच दाराशीं इतर लोक घागरी घेऊन येऊं लागले. पुढें गांवोगांवच्या स्त्रियांस, त्यांतील अनेक निरक्षर असतांही, आरोग्यसेविकेचें शिक्षण देण्यांत आलें. लिटरभर स्वच्छ पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, एवढें औषध आई घरींच देऊं शकते. मात्र तें तिला कोणी तरी शिकविलें पाहिजे. 1979 सालीं या उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

आम्हीं स्वतः आजवर दिलें तें धान्यासाठीं व औषधांसाठीं. पाण्याचा विचार आम्हांस सुचला नाहीं, हें कबूल करणें प्राप्त आहे. म्हणून आमची विनंती स्पष्ट आहे. व्यापारी बंधूंनीं साखर, मीठ व ब्लीचिंग पावडर यांचा भार उचलावा. बागाईतदारांनीं आपली एक विहीर पाऊस पडेपर्यंत सर्व जातींच्या लोकांस मोकळी ठेवावी, व तिला कठडा बांधावा. डॉक्टर मंडळींनीं आठवड्यांतून एक दिवस पाणवठ्यावर द्यावा.

उपाशी माणसास आपण भाकरी देऊं, तें आपलें कर्तव्यच आहे. पण त्या भाकरीबरोबर जें पाणी त्याच्या पोटांत जाईल, त्याचीही जबाबदारी आपल्यावरच आहे. ती आपण आजच, पहिला रोगी दगावण्यापूर्वी, पत्करावी.