पोळीपोळींतून चालताना : अहमदाबादच्या जुन्या शहराची पदभ्रमंती

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



शत्रुंजय, शंखेश्वर अथवा तारंगा या तीर्थांच्या यात्रेस निघालेल्या महाराष्ट्रातील श्रावकांचा प्रवास बहुधा अहमदाबादवरून होतो. रेल्वे पहाटे कालुपूर स्थानकात पोहोचते, धर्मशाळेत स्नान-पूजा आटोपते आणि दुपारची बस मिळेपर्यंतचा वेळ बाजारात जातो. ज्या शहराने या तीर्थांचा कारभार शतकानुशतके वाहिला, ते शहर स्थानकापासून हाकेच्या अंतरावर असूनही बहुतेकांचे पाहावयाचे राहून जाते. या शहरातील एका पायी वाटेचा परिचय हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

दि. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी, जागतिक वारसा सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, अहमदाबाद महानगरपालिकेने मार्गदर्शकासह पदभ्रमंतीचा उपक्रम सुरू केला. कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा हा मार्ग अंतराने थोडा असला, तरी चालावयास दोन-अडीच तास लागतात. कारण पावलोपावली थांबावे लागते. पुढे ८ जुलै २०१७ रोजी युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा नगरीचा दर्जा दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर ठरले. या मानामागे मशिदी, मकबरे व मंदिरे तर आहेतच. परंतु माणसे जेथे पिढ्यान्पिढ्या राहिली त्या पोळींचा वाटाही मोठा आहे.

सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये साबरमतीच्या काठी हे नगर वसविले. त्यापूर्वीही येथे आशावल आणि कर्णावती ही गावे नांदत होती व तेथे जैन वस्ती होती. पदभ्रमंतीचा आरंभ मात्र बऱ्याच अलीकडच्या, १८२२ मधील स्वामिनारायण मंदिरापासून होतो. तेथून थोड्या अंतरावर लांबेश्वरच्या पोळीत कवी दलपतरामांचे घर होते. आज तेथे घराची दर्शनी बाजू उभी करून ओटीवर बसलेल्या कवींचा पुतळा ठेवला आहे. पोळीतील मुले त्यांच्या शेजारी बसून अभ्यास करतात, आणि कवीचे याहून चांगले स्मारक क्वचितच पाहावयास मिळते.

पोळ म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. संस्कृत ‘प्रतोली’ या शब्दापासून ‘पोळ’ आला असे मानतात. ‘पांजरपोळ’ या शब्दातून तो मराठी श्रावकांच्याही परिचयाचा आहे. एक मोठा दरवाजा, त्यावर रखवालदाराची खोली, आत वळणे घेत जाणारी अरुंद गल्ली, तिच्या दोहो बाजूंस भिंतीला भिंत लागून उभी घरे, चौकात विहीर, एखादे देरासर, आणि पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी उंच खांबावर उभारलेला कोरीव चबुतरा, अशी तिची रचना असते. पोळीच्या पोटात आणखी लहान दरवाजांच्या खडक्या असतात. रात्री मुख्य दरवाजा बंद झाला की सारी पोळ एक घर होई. पोळीची पंचायत असे, तिचे नियम असत. घर विकावयाचे झाल्यास ते प्रथम पोळीतल्याच माणसास विचारावे, लग्नकार्याच्या वेळी पोळीला काही द्यावे, नियम मोडणाऱ्याने दंड भरावा, असा व्यवहार होता. घराच्या चौकाखाली ‘टांकुं’ म्हणजे पावसाच्या पाण्याचे बांधीव टाके असे. पहिल्या पावसाचे पाणी वाहू देऊन नंतरचे त्यात उतरवीत आणि ते वर्षभर पिण्यास पुरवीत. पाण्याच्या टंचाईवर परिषदा भरविणाऱ्या आजच्या नगरांनी ही टाकी एकदा वाकून पाहावीत.

हाजा पटेलच्या पोळीत काळ्या पाषाणातील रामाचे मंदिर आहे. श्रीराम येथे उभे नसून बसलेले आहेत, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच पोळीत श्रीशांतिनाथ भगवंतांचे देरासर आहे. पुढे कुवावाळा खांचा नावाच्या एका चौकात मार्गदर्शक सर्वांना गोल फिरून पाहावयास सांगतो. एका विहिरीभोवतीच्या या घरांपैकी एकावर मोगल वळण दिसते, एकावर इंग्रजी आणि एकावर मराठा. अहमदाबादेत मराठा वळणाची घरे कशी, असा प्रश्न येथे कोणाही मराठी माणसाच्या मनात येतो. त्याचे उत्तर झव्हेरीवाडातून जावे लागते.

झव्हेरीवाड हा जुन्या अहमदाबादेतील जैनांचा एक प्रमुख वसतिभाग. येथील देरासरे बाहेरून ओळखू येत नाहीत. साध्या घरासारखा दरवाजा असतो. आत पाऊल टाकल्यावर संगमरवर, कोरीव खांब आणि रंगविलेले छत दिसते. काही देरासरांत पायऱ्या खाली उतरतात आणि भुयारात मूळनायकांचे दर्शन होते. नव्या यात्रेकरूंना ही केवळ वास्तुकलेची गंमत वाटते. परंतु हे भुयार भीतीतून आणि दूरदृष्टीतून जन्मले आहे.

सतराव्या शतकात नगरशेठ शांतिदास झव्हेरी हे मोगल दरबाराचे जवाहिरे आणि सावकार होते. त्यांनी शहराच्या कोटाबाहेर सरसपूर येथे श्रीचिंतामणी पार्श्वनाथांचे भव्य जिनालय १६२१ च्या सुमारास बांधावयास घेतले. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने १६३८ मध्ये ते पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. १६४५ मध्ये शहाजादा औरंगजेब गुजरातचा सुभेदार असताना हे जिनालय भ्रष्ट करून त्याची मशीद करण्यात आली. शांतिदासांनी हाती शस्त्र घेतले नाही; त्यांनी थेट बादशहाकडे दाद मागितली. शहाजहानने १६४८ मध्ये फर्मान काढून वास्तू शांतिदासांना परत देण्याचा आणि नेलेले साहित्य परत करण्याचा हुकूम दिला. मिळालेला न्याय मात्र अपुरा ठरला. त्या वास्तूत पुन्हा पूजा सुरू झाली नाही आणि कालांतराने तिचा मागमूसही उरला नाही. प्रतिमा मात्र वाचल्या होत्या. त्या कोटाच्या आत आणून झव्हेरीवाडातील देरासरांच्या भुयारांत ठेवल्या, अशी परंपरा आहे. त्या भुयारात उतरताना डोके वाकवावेच लागते, इतके ते दार ठेंगणे असते.

या कथेचा पुढचा भाग अधिक विचार करावयास लावतो. शहाजहानच्या पुत्रांत गादीसाठी युद्ध पेटले तेव्हा शहाजादा मुरादबक्षाने शांतिदासांच्या घराण्याकडून व त्यांच्या भागीदारांकडून साडेपाच लाख रुपये कर्ज घेतले. मुराद कैदेत पडला आणि पैसे बुडाल्यात जमा झाले. शांतिदास आता औरंगजेबापुढे उभे राहिले, आणि ज्याच्या सुभेदारीत जिनालय गेले त्याच बादशहाकडून त्यांनी १६५८ मध्ये कर्जाच्या परतफेडीचे आणि १६६० मध्ये शत्रुंजय, गिरनार व अबू या तीर्थांविषयीचे फर्मान मिळविले. एका जिनालयाचे दुःख उरात ठेवून तीन तीर्थांसाठी त्याच दारी जाणे सोपे नव्हते. शांतिदासांच्या चरित्रातील ही गोष्ट त्यांच्या संपत्तीहून मोठी मानली पाहिजे.

शांतिदासांचे नातू खुशालचंद यांच्या काळात मराठ्यांचा संबंध येतो. १७२५ मध्ये मोगल सरदारांच्या आपसातील लढ्यात हमीदखानाने कंठाजी कदम बांडे यांच्या मराठा फौजा मदतीस आणल्या आणि अहमदाबाद लुटले जाण्याची वेळ आली. महाराष्ट्रात मराठा स्वाऱ्यांचा इतिहास अभिमानाने वाचला जातो आणि ते योग्यच आहे. पण तीच स्वारी कोटाच्या आतून कशी दिसली असेल, हे या पोळीत उभे राहिले की कळते. खुशालचंदांनी स्वतःच्या पदरची मोठी रक्कम खंडणी म्हणून दिली आणि शहर वाचविले. तेव्हा शहरातील हिंदू व मुसलमान व्यापाऱ्यांनी मिळून एक लेख करून दिला की, शहराच्या बाजारात छाप होणाऱ्या मालावर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंद आणि त्यांच्या वंशजांना वंशपरंपरा मिळावेत. इंग्रजी अमलात या हक्काचे वार्षिक नेमणुकीत रूपांतर झाले. उपकार स्मरून व्यापाऱ्यांनी स्वतःवर कायमचा कर बसवून घेतल्याची अशी उदाहरणे विरळाच.

१७५३ मध्ये रघुनाथराव पेशवे व दमाजी गायकवाड यांनी शहर घेतले. मधल्या अल्पशा खंडानंतर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा तेथे दुहेरी अंमल राहिला. गायकवाडांची हवेली आजही त्या नावाने ओळखली जाते. भद्रच्या किल्ल्यातील भद्रकालीचे मंदिरही मराठा काळातील आहे. कुवावाळा खांच्यातील घराचे कोडे येथे सुटते.

दोशीवाडाच्या पोळीतील संगमरवरी अष्टापदजींचे देरासर पाहून पुढे गेले की हरकुंवर शेठाणींची हवेली लागते. साठ खोल्यांच्या या वाड्याचा कोरीव लाकडी सज्जा गल्लीच्या कडेने लांबवर गेला आहे. शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी दिल्ली दरवाजाबाहेर श्रीधर्मनाथ भगवंतांचे बावन्न जिनालय बांधावयास काढले आणि ते पूर्ण होण्यापूर्वीच वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते निवर्तले. शेठाणींनी सलाट प्रेमचंद यांच्याकडून ते काम पुरे करवून घेतले व १८४८ मध्ये प्रतिष्ठा झाली. खर्च सुमारे दहा लाख रुपये. विधवेने घराच्या आतल्या दालनात दिवस काढावेत अशी रीत असलेल्या काळात एका स्त्रीने एवढा कारभार समर्थपणे चालविला, याची नोंद घेताना व्याख्यानांतून बहुधा शेठांचेच नाव पुढे येते. ते क्रम बदलून घेण्याजोगे आहे.

याच घराण्यातील मगनभाई हठीसिंह यांनी लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन कलावंताबरोबर १८८१ मध्ये लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. अहमदाबादच्या सुतारांनी कोरलेले सागवान न्यूयॉर्कच्या घरांना लागले. आज पोळीतले कोरीव खांब आणि टोडे जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडे विकले जातात तेव्हा मात्र ते घर मोडून निघतात. दोन्ही व्यवहारांत लाकूडच बाहेर गेले. पहिल्याने कारागिराच्या घरी चूल पेटली, दुसऱ्याने एक घर कायमचे गेले.

गांधी रोडखालच्या फर्नांडिस पुलाजवळ शाळेच्या पुस्तकांचा बाजार भरतो. पुढची चांदला ओळ म्हणजे टिकल्या आणि पूजासाहित्याची दुकाने. ‘ओळ’ हा शब्द कोणाही मराठी माणसास समजावून सांगावा लागत नाही. मुहूर्त पोळ ही नगरातील सर्वांत पहिली पोळ मानली जाते. शेजारच्या माणेक चौकात १८९४ मध्ये स्थापन झालेल्या शेअरबाजाराची जुनी इमारत आहे. तेथील व्यवहार आता थांबले आहेत. सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन तिच्यातील सोन्याचे कण वेचणारे धूळधोये हा या चौकाचा जुना वर्ग. रात्री सराफी बंद झाली की त्याच जागी खाण्याचे ठेले लागतात. श्रावकांनी अर्थात सूर्यास्तापूर्वीच तेथून निघावे!

एवढे सारे पाहून यात्रेकरू प्रसन्न होतो. परंतु थोडे लक्ष देऊन पाहिले तर अनेक दारांना कुलपे दिसतात. १८९२ मध्ये पोलादी एलिस पूल झाल्यानंतर नदीपलीकडे वस्ती वाढू लागली. मोटार न जाणाऱ्या गल्ल्या, विभागलेली कुटुंबे आणि १९६९, १९८५ व २००२ च्या दंगलींनी आणलेली भीती या सर्वांमुळे जैन कुटुंबे पालडी, नवरंगपुरा या भागांत गेली. घरे गोदामे झाली. माणसे गेली, देवांना मात्र जाता आले नाही. कोटाच्या आत आजही शंभराहून अधिक देरासरे आहेत. त्यांपैकी कित्येकांत रोजची पूजा पगारी पुजारी करतात, आणि पोळीतील मूळ घराणी वर्षातून एकदा ध्वजारोहणाच्या दिवशी जमतात. काही संघांनी प्राचीन प्रतिमा विधिपूर्वक नव्या वस्तीत नेल्या, काहींनी त्या जागेवरच ठेवण्याचा निर्णय घेतला. दोन्ही बाजूंना शास्त्राचा आणि भावनेचा आधार आहे, आणि हा वाद दोन्हीकडच्या ज्येष्ठांना झोप लागू देत नाही. पुण्याच्या गुरुवार पेठेतील श्रीगोडीजी पार्श्वनाथ मंदिराच्या परिसरापासून महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेपर्यंत, जेथे तरुण कुटुंबे उपनगरांत राहावयास गेली, तेथील विश्वस्तांना हा प्रश्न अपरिचित नाही.

अहमदाबादेत काही जणांनी उलट वाटही धरली आहे. जुनी हवेली दुरुस्त करून तीत पाहुण्यांची सोय करणे, वाडवडिलांचे घर न विकता त्याच्या डागडुजीसाठी कुटुंबाने वर्गणी करणे, असे प्रयत्न चालू आहेत. जुन्या बांधणीबद्दलची एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहरातील कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या, तर विटांमध्ये लाकडी पट्ट्या गुंफून बांधलेली पोळीतली बहुसंख्य घरे उभी राहिली.

पदभ्रमंतीचा शेवट राणीनो हजिरो, बादशहानो हजिरो आणि १४२४ मधील जामा मशीद येथे होतो. मशिदीत २६० खांब आहेत. १८१९ च्या भूकंपात तिचे मनोरे पडले. खांबांवरील कमळे आणि साखळीला लटकलेल्या घंटेची नक्षी पाहून देलवाडा व राणकपूर केलेल्या यात्रेकरूस ओळखीचे काही दिसल्यासारखे वाटते. ते खरेच आहे, कारण छिन्नी चालविणारे हात गुजरातच्याच सलाटांचे होते.

हठीसिंहांचे जिनालय या मार्गावर येत नाही. त्यासाठी येथून रिक्षाने दिल्ली दरवाजाबाहेर जावे. झव्हेरीवाडातील भुयारातल्या दर्शनासाठी सकाळच्या पूजेची वेळ साधावी, कारण दुपारी देरासरे मंगलिक असतात. आणि बरोबर घरातील मुलांना अवश्य न्यावे. खाली उतरणाऱ्या त्या पायऱ्या प्रथम त्यांनाच दिसतात.

जय जिनेंद्र.