कपाटातील कुलवृत्तांत

(कुलवृत्तांत लिहू इच्छिणाऱ्यांसाठी यवतमाळ येथे झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेतील उद्घाटनपर भाषणाचे हे शब्दांकन.)



सकाळी नोंदणीच्या टेबलाजवळ उभा असताना एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले आणि संकोचाने विचारले, "आमच्याकडे जुना कागद एकही नाही. मोडी येत नाही. घराणेही काही इतिहासप्रसिद्ध नाही. आम्ही येथे बसावे की नाही?" मी त्यांना उलट विचारले, "घरात कुणाची जात पडताळणी झाली आहे काय?" ते म्हणाले, "मुलीची झाली, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी." "मग ती फाईल कोठे आहे?" "असेल कपाटात." मी म्हणालो, "उद्या येताना ती घेऊन या. आपला अर्धा कुलवृत्तांत तीत लिहून तयार आहे."

यात विनोद नाही. अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींना 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी बाप तहसील कचेरीत खेटे घालतो, काका गावच्या शाळेतून आजोबांचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणतो, कोणी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करतो. तीन-चार पिढ्यांचे कागद जमतात, वंशावळ प्रतिज्ञापत्रावर उतरते. मग प्रमाणपत्र हाती येते, पेढे वाटले जातात आणि ती फाईल कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते ती कायमची. 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अभिलेख कक्षांतील कोतवाल बुके, खासरा पत्रके, मोडीतील दप्तरे पुन्हा उघडली गेली. इतका मोठा कौटुंबिक शोध आपल्या प्रदेशात पूर्वी कधी झाला असेल असे मला वाटत नाही. मात्र आपण सर्वांनी त्या कागदात एकच शब्द शोधला, जातीचा. त्या शब्दाच्या शेजारी जी माणसे लिहिली होती, त्यांच्याकडे पाहिले नाही.

म्हणून आज मी आपल्याला कचेरीच्या भाषेतील चार शब्द लक्षपूर्वक वाचायला सांगणार आहे. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'जौजे' म्हणजे अमक्याची पत्नी. 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा. आणि चौथा शब्द 'लावल्द', म्हणजे अपत्यहीन. वंशावळीत एखाद्या नावापुढे 'लावल्द फौत' एवढे लिहिले की कचेरीच्या दृष्टीने तो माणूस संपला. त्याला वारस नाही, पुढे रेघ ओढायची नाही. मुलींची नावे तर बहुतेक प्रतिज्ञापत्रांत घातलीच जात नाहीत, कारण त्यांचा त्या कामी उपयोग नसतो. कचेरीला यात दोष देता येत नाही. तिला वारस हवे असतात. घराला मात्र सगळीच माणसे हवीत, असे मी समजत होतो. ते खरे नाही, हे मला माझ्याच घरात कळले.

आमचे आजोबा दारव्हा तालुक्यातील एका लहान गावचे. त्यांना त्यांच्या आत्याने वाढवले. त्यांच्या आईविषयी घरात एकच वाक्य बोलले जाई, "ती निघून गेली." कोठे, कुणाबरोबर, का, हे कोणी विचारत नसे. तिचे नाव कोणी घेत नसे. पितृपक्षात पणजोबांचे पान वाढले जाई, तिचे नाही. आजोबा 1979 साली गेले, ते आपली आई आपल्याला टाकून गेली असेच मानून गेले. पुढे माझ्या पुतण्याच्या पडताळणीसाठी त्या गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो त्याची नक्कल काढावी लागली. लिपी मोडी. एका निवृत्त गुरुजींना सोबत नेले. 1918 सालच्या आश्विन-कार्तिकाची पाने आली आणि गुरुजींचा आवाज मंदावला. नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण 'ताप'. पुन्हा ताप. पुन्हा ताप. पान उलटले तरी तेच. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक प्राणहानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता, हे मी पुस्तकात वाचले होते. तेथे ते ओळीओळीने दिसत होते. त्यात एक ओळ आमच्या पणजोबांच्या नावाची होती. त्यांच्या घरातील स्त्री, वय 22, ताप. नाव नाही. त्याच घरातील एक मुलगी, वय 4, आठ दिवस आधी.

ती निघून गेली नव्हती. लेकीच्या पाठोपाठ आठ दिवसांत मरण पावली होती. घरात ती गोष्ट तशी का सांगितली गेली, हे सांगणारे आज कोणी उरले नाही. साथीच्या दिवसांत प्रेतांची व्यवस्था करायला माणसे मिळत नव्हती. कदाचित दोन वर्षांच्या पोराला काहीतरी सांगायचे म्हणून कोणी तसे सांगितले असेल आणि तेच टिकले असेल. तिचे नाव आम्हाला पुढच्या वर्षी त्र्यंबकेश्वरी मिळाले. आमच्या गावच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पणजोबांचा 1921 सालचा लेख आहे. त्यात स्वतःचे, बापाचे, भावांचे नाव आणि 'मयत स्त्री पार्वती'. त्या वर्षीच्या अविधवा नवमीला माझ्या वडिलांनी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आपल्या आजीचे पान प्रथम वाढले. ते काही बोलले नाहीत. जेवणानंतर बराच वेळ ओसरीवर बसून होते.

हे मी माझ्या घराचे कौतुक म्हणून सांगत नाही. आमच्या घराने एका निरपराध बाईवर साठ वर्षांहून अधिक काळ आळ ठेवला, म्हणून सांगतो.

कुलवृत्तांत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड ग्रंथ येतात. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखा, परिशिष्टे. त्या कामामागचे कष्ट थोर आहेत. पुण्यात 1910 मध्ये राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आपल्या यवतमाळातही डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभारून वऱ्हाडातील पोथ्या व कागद जमवले. वकिलाने इतिहासाला वाहून घ्यावे, ही परंपरा या गावची आहे. पण वऱ्हाडच्या कागदांची वाट कोकणापेक्षा वेगळी आहे, आणि येथे पुष्कळ जण चुकतात.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. त्यापूर्वीचा कागद निजामशाहीतला, फारसी किंवा मोडी, आणि सन फसली. फसली सनात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. हे न कळल्यामुळे एका सद्गृहस्थांनी आपले घराणे सहाशे वर्षे मागे नेऊन ठेवले होते! 1864 मध्ये हा जिल्हा वेगळा झाला, पण पुढे बरीच वर्षे त्याचे नाव होते वणी जिल्हा. पुसद तेव्हा वाशीम जिल्ह्यात होते. 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आले आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. म्हणजे पुसदकरांनी 1905 पूर्वीच्या उल्लेखांसाठी वाशीमचे नाव शोधायचे, यवतमाळचे नव्हे. ज्यांना मोडी शिकायची आहे त्यांनी पुराभिलेख संचालनालयाच्या प्रशिक्षण वर्गांची चौकशी करावी. गुरुजी आणखी किती वर्षे पुरणार?

शिवाय या जिल्ह्यातील निम्म्या घरांचा इतिहास कागदावर नाहीच. आपले बंजारा बांधव घ्या. त्यांच्या पिढ्या भाटांच्या आणि ढाडींच्या मुखात आहेत. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांचे मूळ आडनाव राठोड; 'नाईक' हा तांड्याच्या प्रमुखाचा मान. जो आडनावावरून शोध घेईल तो तेथेच अडेल. गोंड कुळांच्या कथा परधान किंगरीवर गातात. आपल्या घरी वर्षानुवर्षांनी एखादा भाट येऊन वंशावळ वाचतो, आपण त्याला शिधा देतो आणि दार लोटतो. या खेपेला त्याला बसवा, पाणी द्या, मोबाईलवर त्याचे पूर्ण वाचन मुद्रित करा आणि त्याची दक्षिणा दुप्पट करा. ज्या कोतवालाच्या नावाने ती नोंदवही ओळखली जाते, तो बहुधा गावकुसाबाहेरचा. गावात कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाच्या घरी तिरडी बांधली, हे दारोदार फिरणाऱ्या त्या माणसाला ठाऊक असे. त्याच्या घराची वंशावळ कोणी लिहिली काय?

आता एक अवघड गोष्ट. आपल्या जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे देशभर कोणत्या कारणाने वृत्तपत्रांत येते, हे सांगण्याची गरज नाही. या सभागृहातही असे घर असेल की ज्यातील कर्ता शेतकरी कर्जापायी स्वतःच्या हाताने गेला. मला विचारले जाते, हे वृत्तांतात लिहावे काय? त्याच्या पत्नीला आणि मुलांना विचारून, ते म्हणतील तेवढेच लिहावे, असे माझे मत आहे. पण त्याला गाळू नये. त्याने किती एकर कसली, विहीर कोणत्या साली खणली, बहिणींची लग्ने कशी केली, पोळ्याला बैल कसे सजवी, हे लिहावे. नाहीतर शंभर वर्षांनी त्याच्याविषयीही घरात एकच वाक्य उरेल, आणि ते बहुधा खोटे असेल.

दुपारच्या सत्रात आपण प्रत्यक्ष काम करणार आहोत. प्रत्येकाला एक कोरा तक्ता मिळेल. आपली वंशावळ त्यावर उतरवताना प्रत्येक पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे माहेरचे नाव आणि गाव लिहायचे आहे, आणि त्याच्या बहिणींची नावे. जेथे माहीत नसेल तेथे जागा मोकळी सोडा; रेघ मारू नका. संध्याकाळी घरी गेल्यावर आईला, मावशीला, गावाकडच्या म्हाताऱ्या आत्याला फोन करा. उद्या सकाळी साडेनऊला आपण त्या मोकळ्या जागा मोजणार आहोत. ज्यांनी फाईल आणली आहे त्यांनी ती भोजनापूर्वी माझ्याकडे देऊन ठेवावी. गुरुजी त्यातील मोडी नकला आजच चाळून ठेवतो म्हणाले आहेत.