शेअर कोणाच्या नावावर?

शेअर बाजाराला कोणी जुगार म्हणतो, कोणी गुंतवणूक. ब्रिटनमध्ये या दोन्हींच्या सीमेवरचा एक व्यवहार उघडपणे, कायद्याच्या चौकटीत चालतो. त्याचे नाव ‘स्प्रेड बेटिंग’. तिकडे नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या आपल्या मुलांना त्याची भुरळ पडू शकते, म्हणून आज तो समजून घेऊ. दलाल निवडताना काय पाहावे, हेही त्यातूनच उमगते.

१९७४ साली स्टुअर्ट व्हीलर यांनी लंडनमध्ये आयजी इंडेक्स ही कंपनी काढली. त्या काळी निर्बंधांमुळे तिथल्या सामान्य माणसाला सोने विकत घेणे अवघड होते. व्हीलर यांनी सोने न घेता त्याच्या भावावर पैज लावण्याची सोय केली. पुढे शेअर, निर्देशांक, चलने यांवरही पैजा लागू लागल्या.

समजा, निर्देशांक ८,००० आहे. कंपनी दोन भाव सांगते : विकायचा ७,९९९ आणि घ्यायचा ८,००१. मधला फरक म्हणजे ‘स्प्रेड’, कंपनीची कमाई. तुम्ही ८,००१ला अंशामागे ५ पौंड लावले आणि विकायचा भाव ८,०५१ झाला, तर ५० अंशांचे २५० पौंड मिळाले. तो ७,९०१वर आला, तर ५०० पौंड गेले. पैज ४०,००० पौंडांच्या मालावर असते, पण अनामत ५ टक्के, म्हणजे सुमारे २,००० पौंडच भरावी लागते. खात्यात तेवढीच रक्कम असेल आणि बाजार अडीच टक्के घसरला, तर त्यातली निम्मी रक्कम बुडते आणि नियमानुसार सौदा बंद होतो. अडीच टक्के घसरण ही काही फार दुर्मीळ गोष्ट नाही.

ही पैज असल्याने नफ्यावर तिथे भांडवली नफा कर पडत नाही. जाहिरातीत हेच ठळक असते. पण नफाच नसेल, तर करमाफी काय कामाची? युरोपीय नियामकाने २०१८ मध्ये सांगितले, की अशा प्रकारच्या व्यवहारांत ७४ ते ८९ टक्के छोट्या ग्राहकांच्या खात्यांना तोटा होतो.

खरी मेख पुढे आहे. या व्यवहारात तुमच्या नावावर एकही शेअर येत नाही. तुमची पैज असते ती त्या कंपनीशीच. दलाल वेगळा. तो तुमच्या वतीने बाजारात दुसऱ्याकडून शेअर आणून देतो आणि दलाली घेतो. शेअर तुमचा, चढउतारही तुमचा.

आपल्याकडे असाच प्रकार ‘डब्बा’ नावाने चालतो, पण तो सरळसरळ बेकायदा आहे. सौदा बाजारात जातच नाही, दलालाच्या वहीत राहतो. जिंकलात आणि त्याने हात वर केले, तर दाद कोणाकडे मागणार? भारतात राहून परदेशी कंपनीकडे अशा सौद्यांसाठी अनामत पाठवण्यासही रिझर्व्ह बँकेची योजना परवानगी देत नाही.

म्हणून दलाल निवडताना दलाली किती स्वस्त, हे शेवटी पाहा. आधी त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः तपासा. ब्रिटनमध्ये फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची यादी पाहा. पैसे दलालाच्या नोंदणीकृत बँक खात्यातच भरा, कोणा माणसाच्या वैयक्तिक खात्यात किंवा हातात नको. प्रत्येक सौद्याची काँट्रॅक्ट नोट मागा. शेअर तुमच्या डिमॅट खात्यात आले का, हे एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या विवरणात पडताळा. दलालाच्या कागदावर विसंबू नका. ग्राहकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याच्या प्रकरणात सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगवर कारवाई केली. तेव्हा नाव मोठे आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

आणि दलाल सचोटीचा असला, तरी त्याने सुचवलेला प्रत्येक सौदा शहाणपणाचा नसतो. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ग्राहकांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. हे सगळे अधिकृत बाजारात, बरे का!

तेव्हा कोणी नवी योजना घेऊन आले, की त्याला शांतपणे विचारा : पैसे भरल्यावर माझ्या नावावर नेमके काय होणार? उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती पैज आहे. घरखर्चाचे आणि म्हातारपणाचे पैसे तिच्यापासून लांब ठेवलेले बरे.