तेल खाणारे इंजिन

दक्षिण दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या शेजारी असलेले मुनिरका हे जुने गाव आता शहराच्या पोटात गेले आहे. त्याच्या अंगावरून जाणाऱ्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहनांच्या रांगा लागतात. त्या रांगेत एखादी जुनी डिझेल गाडी निळसर धूर सोडू लागली, की मागचा माणूस नाक दाबतो आणि गाडीवाला मनाशी खर्चाचा हिशेब करू लागतो. इंजिन तेल खाते आहे, एवढे त्याला कळलेले असते; ते का खाते, हे कळलेले नसते. अशा वेळी कोणी ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे म्हणाले, तर भाड्याच्या गाडीवर ज्याचे घर चालते, त्याचे कित्येक दिवसांचे उत्पन्न बुडते. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी रोगाची परीक्षा व्हावयास हवी.

थोडे तेल जळणे हा मुळी दोषच नव्हे. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर वंगणाचा पातळ थर राहावाच लागतो, आणि त्याचा अल्प अंश जळून जातो. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि प्रमाण अंदाजाने ठरत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिकवरील वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. हजार किलोमीटरनंतर त्याच रीतीने पाहून, पुन्हा त्या खुणेपर्यंत यावयास किती तेल घालावे लागले, ते मोजावे. निर्मात्याच्या पुस्तिकेतील मर्यादेशी हा आकडा ताडून पाहिला, म्हणजे निम्म्या शंका तेथेच मिटतात.

तेल खरोखरच अधिक जात असेल, तर ते जळते की गळते, हे आधी पाहावे. इंजिन बाहेरून स्वच्छ पुसून रात्री खाली जुना कागद अंथरला, तर सकाळी त्यावरचे डाग बोलू लागतात. झाकणाचे गॅस्केट, तेलाच्या फिल्टरची बैठक, तळाचा बूच, क्रँकशाफ्टचे मागचे सील ही गळतीची नेहमीची ठिकाणे. चार-दोन रुपयांच्या वॉशरचा दोष पिस्टनच्या माथी मारला जाणे, हे काही दुर्मिळ नाही.

गळती नसेल, तर धुराकडे वळावे. विहिरीवरचे डिझेल पंप ज्यांनी चालविले आहेत, त्यांना ही भाषा नवी नाही. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक. पांढरा म्हणजे न जळलेले इंधन किंवा आत शिरलेले पाणी. निळा म्हणजे वंगण तेल. हा निळा धूर केव्हा निघतो, तेही महत्त्वाचे आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी क्षणभर धूर सोडला आणि मग ती स्वच्छ चालली, तर संशय झडपांच्या सीलांवर जातो. चढावर, भार पडताच धूर वाढला, तर तो पिस्टनच्या रिंगांवर जातो.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या इंजिनात ठिणगी नव्हती. दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवीत असे. आजही तत्त्व तेच आहे. म्हणून रिंगा झिजल्या, की तेल वर जाते आणि दाबलेला वायू खाली उतरतो. चालत्या इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण सैल केल्यावर तेथून वायूचे जोरदार लोट निघाले, तर ही त्याची खूण होय. मात्र वायू बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी तुंबली असली, तरी आतला दाब वाढून तेल नको तेथे ढकलले जाते. तेव्हा ती नळी आधी साफ करावी. टर्बोच्या पुढच्या नळीत तेलाचा ओलावा असणे स्वाभाविक आहे. तेथे तेल साचले असेल, तर टर्बोचे सील आणि तेल परत नेणारी नळी तपासावी. टर्बोतून फार तेल आत शिरले, तर डिझेल इंजिन त्याच तेलावर बेफाम धावू लागते आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. त्यामुळे ही तपासणी पुढे ढकलू नये.

यानंतरही उत्तर न मिळाले, तर एकेका सिलिंडरमध्ये झडपा बंद असताना दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते, ते ऐकावे. तेलाच्या तोंडाशी सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरशी आला तर झडप दोषी. रिंगा खरोखर झिजल्या असतील, तर त्या बदलण्याआधी हवेचा फिल्टर पाहावा. दिल्लीच्या उन्हाळ्यातील धूळ फिल्टरपलीकडच्या नळीत सापडली, तर नव्या रिंगांचेही तेच होणार.

उलट, कधी तेलाची पातळी वाढलेली दिसते. ते समाधान खोटे असते. तेलात डिझेल मिसळलेले असू शकते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. शहरातील छोट्या फेऱ्यांत तो स्वतःला पुरता साफ करू शकत नाही, आणि त्यासाठी दिलेले जादा इंधन तेलात उतरते. जळालेल्या तेलाची राख तर त्या फिल्टरमध्ये कायमची बसते.

दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे तिच्या अंमलात फेरफारही झाले. अशा शहरात जुन्या इंजिनावर मोठा खर्च करावा की नाही, हा विवेकाचा प्रश्न आहे. एक वही, एक स्वच्छ फडके आणि थोडा धीर एवढ्या सामग्रीने त्याचे पुष्कळसे उत्तर मिळते. पाना त्यानंतर हाती घ्यावा.